नगरची पहिली मंडळी

औंध संस्थानचा मुलूख कधी सलग नव्हता. औंध गाव साताऱ्याकडे, आटपाडी माणदेशात, कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात. या विखुरलेल्या मुलखाच्या दोन्ही अंगांना एकोणिसाव्या शतकात मराठी ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम होते, तर दक्षिणेला कोल्हापूर, सांगली आणि मिरज येथे प्रेसबिटेरियन मिशनचे. या दोन्ही धाग्यांचे टोक धरून मागे जात राहिले की आपण एकाच शहरात पोचतो. ते शहर म्हणजे अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. साताऱ्याचे मिशन नगरच्याच मिशनचे भावंड होते, आणि कोल्हापुरात 1852 साली काम सुरू करणारे रॉयल गूल्ड वाइल्डर नगरहूनच तिकडे गेले होते.

नगरची पहिली मंडळी 1833 साली स्थापन झाली. ‘मंडळी’ हा शब्द मराठी ख्रिस्ती लोक इमारतीसाठी वापरत नाहीत, माणसांसाठी वापरतात. एकत्र उपासना करणारी, एकमेकांच्या सुखदुःखाला बांधलेली माणसे म्हणजे मंडळी. ही गोष्ट अशा माणसांची आहे. परदेशी माणसांनी सुरू केलेले काम इथल्या माणसांनी हळूहळू आपले कसे केले, हे या गोष्टीतून दिसते.

घाटाखाली अठरा वर्षे

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. त्यांना पाठवणारी अमेरिकन बोर्ड ही संस्था तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. धर्मप्रचाराने रयत बिथरेल आणि व्यापार धोक्यात येईल, अशी तिला भीती वाटे. त्यातच अमेरिका आणि इंग्लंड यांचे युद्ध चालू असल्याने अमेरिकन माणसाकडे संशयाने पाहिले जाई. या दोघांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांची सहानुभूती आणि त्याच वर्षी कंपनीच्या सनदेत झालेला बदल, यांमुळे ते टिकले.

त्यांनी मराठी शिकून घेतली, शाळा काढल्या, छापखाना घातला, बायबलचे भाषांतर हाती घेतले. नव्या कराराचे मराठी भाषांतर 1826 मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी नाशिक-त्र्यंबककडच्या फेरीवरून परतताना गॉर्डन हॉल वाटेतच पटकीने वारले. एवढ्या वर्षांच्या कष्टांनंतर मुंबईत ख्रिस्ती झालेली माणसे बोटांवर मोजता येतील इतकीच होती.

मुंबई हे अनेक भाषांचे, ये-जा करणाऱ्यांचे बंदर होते. मराठी समाजाचा गाभा घाटावर, देशावर होता, आणि 1818 नंतर तो मुलूख कंपनीच्या अमलाखाली आला होता. त्याच मुलखातली निजामशाहीची जुनी राजधानी नगर आता जिल्ह्याचे ठाणे झाली होती. तिथे लष्कराची छावणी होती, हवा कोरडी होती आणि आसपास शेकडो खेडी होती. 1831 च्या अखेरीस ॲलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्व्ही हे तीन मिशनरी नगरला आले. त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचा एक ब्राह्मण ख्रिस्ती होता.

आश्रयगृहातली माणसे

नगरमधल्या इंग्रज रहिवाशांच्या वर्गणीतून निराधारांसाठी एक आश्रयगृह चाले. आंधळे, पांगळे, महारोगी, म्हातारे, ज्यांना घर उरले नाही अशी माणसे तिथे धान्यासाठी आणि निवाऱ्यासाठी येत. बाबाजी तिथे जाऊन या लोकांपुढे वाचन करी, त्यांच्याशी बोले, प्रार्थना करी. हॉलिस रीड यांनी पुढे 1836 मध्ये बाबाजीचे चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले. त्यामुळे मिशनच्या आरंभकाळातल्या या एका मराठी माणसाची ओळख आपल्यापर्यंत पोचली.

त्या दृश्याचे मोल आज समजून घ्यायला हवे. पेशवाई संपून चौदा वर्षेच झाली होती. जिथे सावलीचाही विटाळ मानला जाई, तिथे जन्माने ब्राह्मण असलेला माणूस महार आणि महारोगी माणसांमध्ये बसून त्यांना वाचून दाखवत होता. नगरमध्ये सुरुवातीला ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांत या आश्रयगृहातली माणसे होती. शाळांमधून शिकलेली उच्चवर्णीय मुले आधी येतील आणि त्यांच्यामागून समाज येईल, असा त्या काळच्या बऱ्याच मिशनऱ्यांचा हिशेब असे. नगरमध्ये सुरुवात उलट्या टोकाकडून झाली. समाजाने ज्यांना आधीच बाहेर काढले होते, त्यांच्यापाशी गमावण्यासारखे थोडे होते, आणि ‘तूही देवाचे लेकरू आहेस’ हे वाक्य त्यांनी बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच ऐकले होते.

ती वर्षे मृत्यूच्या छायेतली होती. 1832 मध्ये हर्व्ही पटकीने गेले. 1833 मध्ये मंडळीची रीतसर स्थापना झाली आणि त्याच वर्षी बाबाजीलाही पटकीने गाठले. रीड यांची प्रकृती ढासळली आणि 1835 मध्ये ते मायदेशी परतले. ग्रेव्हज हवापालटासाठी महाबळेश्वरला राहू लागले आणि 1843 मध्ये तिथेच वारले. पहिल्या फळीपैकी नगरात कोणी उरले नाही. उरली ती मूठभर माणसांची मंडळी.

जात, घर आणि कायदा

1835 मध्ये आलेल्या हेन्री बॅलंटाइन यांनी पुढची तीस वर्षे नगरला दिली. 1839 मध्ये सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिका मुंबईहून नगरला आल्या. मुलींच्या शाळांचे काम त्यांनी 1862 मध्ये मरेपर्यंत चालवले. जोतीराव फुले यांनी नगरला जाऊन फॅरारबाईंच्या या शाळा पाहिल्या होत्या. त्या पाहूनच आपल्याला पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, असे त्यांनी 1853 मध्ये सांगून ठेवले आहे. नगरच्या एका छोट्या कामाचा धागा महाराष्ट्राच्या मोठ्या इतिहासात असा विणला गेला.

फॅरारबाई आल्या त्याच 1839 साली हरिपंत रामचंद्र खिस्ती आणि त्यांचे बंधू नारायण या ब्राह्मण भावांनी बाप्तिस्मा घेतला. आश्रयगृहातल्या माणसांनी धर्म बदलला तेव्हा शहराने फारशी दखल घेतली नव्हती. आता मात्र खळबळ उडाली. ब्राह्मणाने बाटणे म्हणजे घरादाराने त्याला मेल्यात जमा धरणे. बायको माहेरी नेली जाई, वडिलार्जित मिळकतीवर पाणी सोडावे लागे. हा ताण पुढे मुंबईतही पेटला. 1843 मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्या ताब्याचा वाद कोर्टात गेला आणि कोर्टाने मुलगा घरच्यांच्या हवाली केला. धर्म किंवा जात सोडली म्हणून वारसाहक्क जाऊ नये, असा कायदा 1850 मध्ये आला, तो अशा प्रसंगांच्या पार्श्वभूमीवर.

मंडळीच्या आत याहून अवघड परीक्षा होती. प्रभुभोजनात एकच भाकर मोडली जाते आणि एकाच प्याल्यातून सगळे पितात. ब्राह्मण, कुणबी, महार आणि मांग या सर्वांनी तो प्याला ओठाला लावायचा होता. जातीच्या समाजात ही साधी कृती किती जड होती, हे तर्काने सांगून कळणार नाही. नगरच्या मंडळीत ती रविवारच्या उपासनेचा भाग झाली. तिथे जात पूर्णपणे विरघळली, असे म्हणणे खोटे ठरेल. मनातल्या भिंती राहिल्या, सोयरिकी जोडताना तर त्या हटकून दिसत. पण एका प्याल्याची शिस्त मंडळीने सोडली नाही, आणि ज्याला ती शिस्त मोडायची असेल त्याला निदान स्वतःलाच उत्तर द्यावे लागे.

1842 मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. धर्मविचारांबरोबर विज्ञान, भूगोल, सामाजिक प्रश्न आणि वादविवाद यांना त्यात जागा मिळे. मंडळीतल्या नवशिक्षितांना लिहायला हक्काची जागा झाली. मराठी पत्रसृष्टीतले हे सर्वांत दीर्घायुषी नाव आहे.

महारवाड्यांची वाट

1840 नंतर खरी वाढ शहरात झाली नाही, खेड्यांत झाली. नगरच्या उत्तरेला गोदावरी आणि प्रवरेच्या खोऱ्यांत, नेवासे-राहुरीच्या बाजूला, महारवाड्यांतून विचारणा येऊ लागली. मिशनरी थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन फिरत. त्यांच्या आधी बहुतेक वेळा एखादा मराठी प्रचारक त्या गावात पोचलेला असे, आणि त्याच्याही आधी एखादा सोयरा. नव्या धर्माची बातमी सोयरिकीच्या वाटेने गेली. लेकीच्या सासरी, मामाच्या गावी, बाजाराच्या ठिकाणी.

महारांनी ऐकून का घेतले? दुष्काळात धान्य मिळते म्हणून, एवढे एकच उत्तर देणे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे. महारवाड्यांत आधीपासून भजनाची, गुरूची, चोखोबाच्या अभंगांची परंपरा होती. देवाशी थेट बोलता येते, हा विचार त्यांना परका नव्हता. परकी होती ती अक्षरे. मंडळीबरोबर शाळा आली. दिवसा मुले पाटीवर अक्षरे गिरवत, संध्याकाळी त्याच खोलीत मोठी माणसे जमून पवित्र शास्त्र ऐकत आणि रविवारी तिथेच उपासना होई. ज्या समाजाला अक्षरांना शिवू दिले नव्हते, त्याच्या हाती पुस्तक आले. या एका गोष्टीने किती घरे हलली असतील, याचा हिशेब पैशांत मांडता येत नाही.

त्याची किंमतही मोजावी लागली. महार हा गावचा वतनदार. येसकरकी, सांगावा पोचवणे, मेलेले ढोर ओढणे ही कामे त्याच्याकडे आणि त्याबदल्यात बलुते. जत्रेतली, देवीच्या उत्सवातली त्याची कामेही ठरलेली. ख्रिस्ती झालेला माणूस ‘ही पूजेची कामे मी करणार नाही’ म्हणाला की गाव बलुते थांबवी. घरचेही त्याला पंगतीतून उठवत. पाण्याचा प्रश्न तर जुनाच होता. नगर शहरात निजामशाहीच्या काळापासून खापरी नळांनी हौदांत पाणी येई. सार्वजनिक हौदावर ख्रिस्ती माणसाने पाणी भरावे की नाही, यावरून तंटे झाले. धर्म बदलला तरी गावाच्या लेखी माणूस तोच होता. हे सोसून जी घरे टिकली, त्यांच्यावर खेड्यातल्या मंडळ्या उभ्या राहिल्या. 1857 पासून वडाळ्याला सॅम्युएल फेअरबँक यांनी ठाणे केले, राहुरीही केंद्र झाले. नगरच्या पहिल्या मंडळीला आता लेकी-सुना झाल्या होत्या.

पाळक कोण?

1854 च्या अखेरीस बॉस्टनहून अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन आणि त्यांचे सहकारी पाहणीसाठी आले. स्थानिक मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहिली पाहिजे, तिने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, खर्च स्वतः उचलावा आणि प्रसारही स्वतःच करावा, असा अँडरसन यांचा ठाम आग्रह होता. त्यांच्या भेटीच्या वेळी हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. मंडळी स्थापन होऊन एकवीस वर्षांनी तिला राखणारा आणि वाट दाखवणारा माणूस मराठी झाला. बाप्तिस्मा देणे, प्रभुभोजन चालवणे, लग्न लावणे, मयताला माती देणे, ही कामे आता मराठी पाळकाच्या हाती आली.

हा निर्णय दूरदृष्टीचा होता, पण त्याच धोरणाची दुसरी बाजू कडू निघाली. मिशनने मराठी उपदेशावर भर द्यावा आणि इंग्रजी शाळा आवराव्यात, असे अँडरसन यांचे म्हणणे होते. शाळांवर विश्वास असलेल्या कार्यकर्त्यांना हे पटले नाही. कोल्हापुरात गेलेले वाइल्डर हे या विरोधकांतले सर्वांत ठाम. त्यांचे बोर्डाशी बिनसले. कोल्हापूरचे काम 1870 मध्ये प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेले आणि त्यातूनच 1884 मध्ये सांगलीला, पुढे मिरजेला ठाणी झाली. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत उभारलेले रुग्णालय याच शाखेचे. कृष्णाकाठच्या मंडळ्यांचा जन्म काही अंशी नगरमधल्या या मतभेदातून झाला, असे म्हणावे लागते.

नगरला मात्र एक तोटा सोसावा लागला. इंग्रजी शिक्षण आवरल्यामुळे ख्रिस्ती तरुणांची एक पिढी सरकारी नोकऱ्यांच्या आणि वकिलीच्या स्पर्धेत मागे राहिली. ती चूक सुधारायला 1880 चे दशक उजाडावे लागले. तेव्हा नगरला मिशनचे हायस्कूल उभे राहिले आणि पुढे धंदेशिक्षणाची शाळाही निघाली.

सूर आपला होतो

पाळक मराठी झाला तरी उपासनेचे सूर परके होते. गीतांची भाषा मराठी आणि चाल अमेरिकन. श्रोते ऐकत, पण मान डोलत नसे. 1860 च्या दशकात नगरच्या परिसरात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. टाळ, मृदंग, पूर्वरंग, आख्यान, सगळे कीर्तनकाराचे. आख्यान मात्र येशूच्या चरित्राचे. खेड्यापाड्यांतली माणसे रात्र रात्र बसून ऐकू लागली. जे उपदेशाने साधले नव्हते ते टाळाने साधले.

ही वाट पुढे नारायण वामन टिळकांनी राजमार्ग केली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर ते नगरला आले, सेमिनरीत शिकवू लागले आणि 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची श्रद्धा होती. अभंग, ओव्या, पदे यांतून त्यांनी मराठी मंडळीला तिची स्वतःची वाणी दिली. आज मराठी उपासनेत जे ‘उपासना संगीत’ हातात असते, त्यातला मोठा वाटा टिळकांच्या पदांचा आहे.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, मग नवऱ्याकडे आल्या, पण सोवळे सांभाळूनच. सोवळ्याची एकेक गाठ त्यांच्या मनात कशी सुटत गेली, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त प्रांजळपणे लिहिले आहे. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एका प्याल्याची जी परीक्षा नगरच्या मंडळीने 1839 मध्ये पाहिली होती, तीच साठ वर्षांनी एका बाईने स्वतःच्या स्वयंपाकघरात दिली.

दुष्काळ आणि नंतर

या सगळ्या काळात दुष्काळ नगर जिल्ह्याची पाठ सोडत नव्हता. 1876 ते 1878, मग 1896-97, मग लगेच 1899-1900. मिशनने कामे काढली, धान्य वाटले, अनाथ मुलांसाठी वसतिगृहे उघडली. मंडळ्यांची संख्या झपाट्याने वाढली. मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळातल्या कामासाठी 1901 मध्ये कैसर-ए-हिंद पदक मिळाले. मात्र पोटासाठी आलेले आणि श्रद्धेने आलेले यांत भेद कसा करायचा, हा पेच पाळकांपुढे होता. काही घरे दुष्काळ सरल्यावर परत गेली, बरीच राहिली. राहिलेल्या घरांतल्या अनाथ मुलांमधूनच पुढच्या पिढीचे शिक्षक, सुतार, परिचारिका आणि पाळक तयार झाले.

मंडळीच्या लेकरांनी नगरला बरेच दिले. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947 मध्ये अहमदनगर कॉलेज काढले आणि एका दुष्काळी जिल्ह्याला उच्च शिक्षणाचे दार उघडले. मराठी मिशनच्या अनेक मंडळ्या 1924 मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या.

उणे राहिले तेही सांगायला हवे. जात मंडळीत शिरली आणि राज्यानेही ती वेगळ्या रीतीने मोजली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतून ख्रिस्ती दलितांना वगळले. गावाच्या लेखी तो महारच राहिला आणि सरकारी कागदावर मात्र तो महार उरला नाही. या कोंडीत आजही हजारो कुटुंबे आहेत.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे एकत्र यावेत, परदेशी चौकटीवाचून मराठी मातीत श्रद्धा फुलावी, असे त्यांचे स्वप्न होते. 9 मे 1919 रोजी ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण आश्रयगृहातून निघालेली वाट अशी साताऱ्यापर्यंत आली होती.

मिशनऱ्यांची नावे अहवालांत आहेत, टिळकांचे नाव साहित्याच्या इतिहासात आहे. 1830 च्या दशकात आश्रयगृहातून उठून मंडळीत आलेल्या आंधळ्या-पांगळ्यांना, बलुते गमावूनही पाटी न सोडणाऱ्या महारवाड्यातल्या बायाबापड्यांना असे स्थान मिळाले नाही. मंडळी उभी राहिली ती त्यांच्या खांद्यावर. त्यांची नावे सापडलीच तर जुन्या मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि मयतीच्या नोंदवह्यांत सापडतील. नगर, सातारा, सांगली, मिरज, कुठेही अशी वही एखाद्या कपाटात असेल, तर ती वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आजा-पणज्यांच्या गोष्टी ऐका आणि लिहून ठेवा. हा इतिहास एका धर्माच्या लोकांपुरता नाही. मराठी माणसाने अक्षर कसे मिळवले आणि एका पंगतीत बसायला तो कसा शिकला, याची ती नोंद आहे.